कव्हरच्या आतलं पान

बालभारतीचं पाठ्यपुस्तक उघडलं की धड्यांच्या आधी उद्देशिका, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि संविधानाचा भाग ४ क, म्हणजे मूलभूत कर्तव्यं दिसतात. मूलभूत हक्कांचा भाग ३ तिथे नाही. हक्कांचे दोन धडे येतात ते सातवीच्या नागरिकशास्त्रात.

कोडमध्ये एखादी ओळ खटकली की ती कुणी, कधी घातली ते आम्ही आधी बघतो. या पानाचंही तसं बघता येतं. २६ जानेवारी १९५० ला अमलात आलेल्या संविधानात हक्क होते, मूलभूत कर्तव्यांची यादी नव्हती. ती आली १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने. स्वर्णसिंग समितीने ८ कर्तव्यं सुचवली होती, संसदेने १० घातली. तेव्हा आणीबाणी चालू होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी सांगितलं होतं, की आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी कोर्टाचं दार ठोठावता येणार नाही. विरोधातलं ते एक मत न्या. एच. आर. खन्ना यांचं. हक्क गोठवले त्याच वर्षी कर्तव्यं लिहिली गेली, हा मला तरी योगायोग वाटत नाही. म्हणून यादी टाकाऊ ठरत नाही. नद्या-जंगलं जपा, वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगा, यात भांडण्यासारखं काय आहे? (आणि उद्देशिकेतला 'धर्मनिरपेक्ष' हा शब्दही याच दुरुस्तीतला.)

खरी गंमत यादीच्या शेवटच्या, (ट) ओळीत आहे. ६ ते १४ वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणं हे पालकांचं कर्तव्य. हे ११ वं कर्तव्य २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीतून आलं. त्याच दुरुस्तीत अनुच्छेद २१ क सुद्धा होता: याच वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण राज्याने द्यायचं. पानावर त्यातला अर्धाच भाग छापला जातो. आठ वर्षांच्या मुलीला आई-बाबांनी काय करायचं ते कळतं, सरकार तिचं काय देणं लागतं ते कळत नाही.

ही दुरुस्ती अमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडला, शिक्षण हक्क कायद्यासोबत. त्या कायद्यातलं कलम १४ म्हणतं, वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येणार नाही. कलम १७ शाळेत मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी घालतं. कव्हरच्या आत २१ क आणि ही दोन कलमं साध्या मराठीत छापायला पाच-सहा ओळी पुरतील.