धोकटी आणि ब्रश

१८१० मध्ये शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरीस गेली; आपली काही घराणी उज्जयिनीतच राहिली. तेव्हा दाढी म्हणजे न्हाव्याची धोकटी, वस्तरा, वाटीतले पाणी आणि त्याची सराईत बोटे. १९०१ मध्ये अमेरिकेत जिलेट कंपनी स्थापन झाली. पुढे तिच्या धर्तीची पाती आपल्याकडे रुळली, दाढी घरच्या आरशापुढे आली आणि बोटांचे काम ब्रशाने घेतले. बॅजर या प्राण्याचे केस पाणी धरून ठेवतात. असा ब्रश कोमट पाण्यात भिजवून साबणासह गोल फिरवला की दाट फेस होऊन दाढी मऊ पडते. वापरानंतर धुऊन, झटकून वाळवला तर तो वर्षानुवर्षे टिकतो. ही कला आम्ही आत्मसात केली. मात्र मंगलकार्याची आमंत्रणे घरोघर पोहोचवणाऱ्या त्या माणसाला आमच्या ओसरीवर पुन्हा कधी बसवले नाही.