चालते दफ्तर आणि एकबेरीज : ब्राउझरच्या टॅबची पूर्वपीठिका

दोन वर्षांपूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या ओरिसावरील अंमलाविषयी माझा एक छोटा लेख छापून आला. चौथ्या दिवशी महालातून एका वयोवृद्ध वाचकांचा फोन. "लेख वाचला. पण तुमचे दोन रघुजी एक झाले जी," ते म्हणाले. मी अंक काढून पाहिला. कटकच्या महसुलासंबंधीची जी नोंद मी पहिल्या रघुजींच्या नावावर घातली होती, ती दुसऱ्या रघुजींच्या काळातली होती. पहिले रघुजी 1755 साली वारले. दुसऱ्यांची कारकीर्द 1788 ते 1816. पहिल्यांनी 1751 मध्ये अलीवर्दीखानाशी तह करून ओरिसावर आपला अंमल पक्का केला, आणि 1803 च्या देवगावच्या तहात दुसऱ्यांना कटक इंग्रजांच्या हवाली करावे लागले. मिळवणारा कोण आणि गमावणारा कोण, यातच मी गल्लत केली होती.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. तो परिच्छेद लिहिला त्या रात्री माझ्या ब्राउझरमध्ये चाळिसाहून अधिक टॅब उघडे होते. जुन्या ग्रंथांचे स्कॅन, गॅझेटियरची पाने, दोन-तीन पत्रसंग्रह. टॅब वाढत जातात तशी प्रत्येकाची पट्टी आखूड होत जाते. शेवटी निम्म्या टॅबांच्या माथ्यावर 'नाग…' एवढीच अक्षरे उरली होती. वाचले एका टॅबमधून, टिपले दुसऱ्याच्या नावाने.

फोनवर ही कबुली दिली तेव्हा गृहस्थांनी विचारले, "टॅब म्हणजे काय हो?" मी समजावून सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे चालते दफ्तर. मग तुमच्याकडे एकबेरीज कोण करतो?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. मराठेशाहीच्या कारभाराची ओळख असलेल्या वाचकाला या दोन संज्ञा नव्या नाहीत. पेशव्यांच्या हुजूर दफ्तराच्या अनेक शाखांपैकी या दोन महत्त्वाच्या. चालते दफ्तर फडणिसांच्या देखरेखीखाली असे. ज्यांचा निकाल लागायचा आहे, ज्यांवर रोज हात फिरतो, असे कागद तिथे. एकबेरीज दफ्तर पुण्यातच असे. सर्व खात्यांचे हिशेब तिथे येत, त्यांची वर्गवारी होई, जमा, खर्च आणि शिल्लक यांचे तर्जुमे तयार होत, खतावण्या मांडल्या जात. पहिल्या ठिकाणी कागद उघडा असतो. दुसऱ्या ठिकाणी तो मिटतो, पण मिटण्याआधी त्यातले काय घ्यायचे ते घेतलेले असते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आज सुमारे पस्तीस हजार रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवण्याचे चौकोनी फडके, आणि त्यावरून ते गाठोडेही. रियासतकार सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात त्यांतून 45 भाग निवडून छापले. एवढ्या ढिगाऱ्यात हे काम होऊ शकले, कारण कोणीतरी शे-दोनशे वर्षांपूर्वी वर्गवारी करून गाठी मारल्या होत्या.

अनेक ग्रंथ एकाच वेळी उघडे ठेवण्याची हौस जगात सगळीकडे जुनी आहे. 1588 साली आगोस्तिनो रामेल्ली या इटालियन अभियंत्याने आपल्या यंत्रांच्या ग्रंथात पुस्तकांच्या चाकाचे चित्र दिले : वाचकाने खुर्चीवर बसून चाक फिरवायचे आणि एकेक उघडे पुस्तक समोर आणायचे. दातेरी चक्रे अशी बसवलेली की कोणतेही पुस्तक कलंडू नये. 'टॅब' हा शब्द मात्र कचेरीतून आला. कार्डांच्या पेटीत कार्डाच्या वर डोकावणारी, नाव लिहिण्याची छोटी पट्टी, ती टॅब. अमेरिकेत जेम्स न्यूटन गन यांनी 1897 मध्ये अशा कार्डांचे पेटंट घेतले. नाव दिसले पाहिजे, हा त्या पट्टीचा एकमेव हेतू. माझ्या पडद्यावर नेमके तेच दिसत नव्हते.

आमच्या नागपूरचा याहून मोठा दाखला म्हणजे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश. त्याचे काम इथे सुरू झाले आणि पुढे पुण्यास गेले. 1920 ते 1929 या काळात 23 खंड निघाले. आधी प्रस्तावनाखंड, मग वर्णानुक्रमाने शरीरखंड. या खटाटोपाची हकीकत केतकरांनी 'माझे बारा वर्षांचे काम' मध्ये सांगितली आहे. जगातल्या यच्चयावत विषयांची पुस्तके टेबलावर उघडी असणार, हे उघडच आहे. पण वर्णक्रमात 'क' चा खंड छापखान्यात गेला की 'क' बंद. पुढे कितीही चांगले पुस्तक हाती येवो, ती नोंद मिटली. मला वाटते, छापखान्याची तारीख हीच केतकरांची एकबेरीज होती.

ब्राउझरकडे वळू. 1994 साली बुकलिंक टेक्नॉलॉजीज या अमेरिकन कंपनीच्या इंटरनेटवर्क्समध्ये टॅबची कल्पना दिसते. 1997-98 च्या सुमारास अ‍ॅडम स्टाइल्स यांचा नेटकॅप्टर आला, मग ऑपेरा आणि मोझिला. 2004 च्या नोव्हेंबरात फायरफॉक्सची पहिली आवृत्ती निघाली आणि टॅब सर्वतोमुखी झाले. मायक्रोसॉफ्टला 2006 उजाडले. त्याआधी सीताबर्डीच्या सायबर कॅफेत आम्ही प्रत्येक पानासाठी नवी खिडकी उघडत असू. तेव्हा डायल-अपवर एक पान यायला दोन-तीन मिनिटे लागत. एक उतरेपर्यंत दुसरे वाचायचे, म्हणून खिडक्या चार-पाच. मंद लाइन हेच त्या सवयीचे मूळ.

आणि लोडशेडिंग! विदर्भात त्या काळी वीज कधी जाईल याचा नेम नसे. गेली की सगळ्या खिडक्या गेल्या. त्यामुळे हाती वही असेच. पान उघडले की आधी ग्रंथाचे नाव, पृष्ठ, मग मजकूर. माझ्या 2003-04 च्या वह्यांत आजही एक नोंद चुकीच्या माणसाच्या नावावर सापडत नाही. ऑक्टोबर 2006 मध्ये फायरफॉक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत, बंद पडलेली बैठक होती तशी परत उघडण्याची सोय आली. टॅबच्या इतिहासात लोक पहिला टॅब कोणाचा यावर वाद घालतात. माझ्या मते खरी घटना ही. त्या दिवसापासून टॅब अमर झाला, आणि माझी वही मिटली.

एकबेरजेचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. 2011 मध्ये फायरफॉक्सने टॅबांचे गठ्ठे बांधण्याची 'पॅनोरमा' ही सोय दिली. वापरणारे थोडे म्हणून 2016 मध्ये काढून टाकली. 2020 मध्ये क्रोमने गट आणले. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2021 साली लोकांना विचारले तेव्हा, टॅब बंद केला तर ते पुन्हा आठवणार नाही, सापडणार नाही, ही भीती पुढे आली. पेशव्यांच्या दफ्तरात गाठी मारायला पगारी कारकून होता. इथे वाचकच कारकून.

त्या फोननंतर मी काही गोष्टी बदलल्या. दोन रघुजी आता दोन वेगळ्या खिडक्यांत असतात. एका खिडकीत नऊच्या वर टॅब नाहीत, कारण कंट्रोल दाबून 1 ते 8 आकडे त्या त्या क्रमांकाच्या टॅबवर नेतात आणि 9 शेवटच्यावर. ज्ञानकोश नेहमी पहिला, गॅझेटियर दुसरे. जागा ठरली की बोटांना ती पाठ होते. कंट्रोल-टॅबने एकेक पुढे सरकत जाणे म्हणजे रामेल्लीचे चाक फिरवणे, चार-पाच टॅबांपर्यंतच बरे. टॅबांची पट्टी मी आडवी न ठेवता डाव्या बाजूला उभी ठेवतो, म्हणजे पूर्ण नाव वाचता येते. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टी ने परत येतो, हे कळल्यावर बंद करण्याची धास्ती निम्मी गेली. उरलेल्या निम्म्यासाठी वही पुन्हा काढली आहे. रात्री उठण्यापूर्वी प्रत्येक टॅबमागे एक ओळ : ग्रंथ, पृष्ठ, कशासाठी उघडला. शेवटचा रकाना भरता आला नाही तर तो टॅब तसाच मिटतो. असे बरेच निघतात.

दुरुस्ती पुढच्या अंकात तीन ओळींत छापून आली. ती घेऊन मी महालात त्या गृहस्थांकडे गेलो. त्यांच्या घरी मोडी कागदांचे दोन रुमाल निघाले. एक नीट बांधलेला, वर चिठ्ठी. दुसरा सुटलेला. "हा वडिलांच्या हातून राहिला," ते म्हणाले. आम्ही तो दर रविवारी थोडा थोडा वाचतो आहोत.