हसू चिकटवणारा गोंद : डेंटल व्हिनियरची गोष्ट

हा भाग ऐकण्याऐवजी वाचत असाल तर बरंच आहे, कारण यात मिलिमीटर फार आहेत आणि आकडे कानापेक्षा डोळ्यांना बरे पडतात.

आजचा विषय व्हिनियर. सुतारकामातला विनियर माहीत असेलच. साध्या प्लायवर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवला की कपाट सागवानी दिसतं. दातांचं व्हिनियर म्हणजे तेच. दाताच्या पुढच्या बाजूवर पोर्सेलीनचा किंवा काँपोझिटचा पापुद्रा, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा, थोडा कमी किंवा जास्त. डाग, फट, टवका, वेडावाकडा आकार, सगळं त्याच्या मागे झाकलं जातं.

‘व्हिनियर सेफ असतं का हो?’ हा प्रश्न आजकाल लग्नसराईच्या आधी फार विचारला जातो. मी इंजिनियर आहे, डेंटिस्ट नाही, त्यामुळे तुमच्या दाताबद्दल मी काही सांगणार नाही. पण वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की या प्रश्नाचं बरंचसं उत्तर इतिहासात आहे. आणि तो इतिहास पोर्सेलीनचा कमी, गोंदाचा जास्त आहे.

सुरुवात हॉलिवूडमध्ये. 1930 च्या आसपास चित्रपट बोलू लागले होते आणि कॅमेरा नटनट्यांच्या तोंडाजवळ आला होता. पडद्यावर दहा फुटी चेहरा, त्यात एक दात पिवळा किंवा किंचित वाकडा असला तरी तो थिएटरभर दिसणार. बेव्हर्ली हिल्समधल्या चार्ल्स पिंकस नावाच्या डेंटिस्टकडे स्टुडिओची माणसं जाऊ लागली. पिंकसनं काय केलं, तर पोर्सेलीनच्या पातळ पाकळ्या भाजून घेतल्या आणि त्या दातांवर नुसत्या चिकटवल्या. कशानं? कवळी बसवायला जी पावडर वापरतात, तिनं. शूटिंग संपलं की पाकळ्या काढायच्या, डबीत ठेवायच्या आणि मग जेवायला बसायचं. शर्ली टेम्पल ही बालनटी तेव्हा ऐन दात पडायच्या वयात होती. चित्रीकरण चालू असताना दुधाचे दात पडायचे, आणि गोष्टीतली मुलगी मधेच बोळकी होऊन चालणार नव्हतं. तिच्याही फटी पिंकसनंच झाकल्या.

(पांढरेशुभ्र दात म्हणजेच सौंदर्य, हे काही सनातन सत्य नाही बरं का. आपल्याकडे सवाष्ण बायका दातवण लावून दात मुद्दाम काळे करायच्या आणि जपानमध्येही ती चाल होती. असो.)

पिंकसच्या व्हिनियरमध्ये एक गोष्ट होती जी पुढे हरवली. खालच्या दाताला कुणी हात लावला नव्हता. पाकळी काढली की दात जसाच्या तसा. टिकाऊपणा शून्य, पण नुकसानही जवळजवळ शून्य. ते कायमचं करायचं तर पोर्सेलीन नव्हे, गोंद बदलायला हवा होता. आणि ओल्या तोंडात, गरम चहा आणि थंड पाणी सोसून, रोज शेकडो वेळा चावणं सहन करून टिकेल असा गोंद तेव्हा कुणाकडेच नव्हता.

तो मिळाला 1955 साली, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावात. मायकेल ब्युओनोकोर नावाचा संशोधक तिथल्या ईस्टमन डेंटल डिस्पेन्सरीत काम करत होता. धातूच्या पत्र्याला रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे त्याला माहीत होतं. त्याला वाटलं, दातालाही लावून बघू. चिंच किंवा कैरी जास्त खाल्ली की आपले दात आंबतात ना, त्यातही करामत आम्लाचीच असते. ब्युओनोकोरनं कितीतरी तीव्र आम्ल अर्धा मिनिट लावलं, धुऊन टाकलं आणि त्यावर ॲक्रिलिकचे थेंब चिकटवले. आम्ल न लावलेल्या दातांवरचे थेंब काही तासांत गळून पडायचे. आम्ल लावलेल्या दातांवरचे कित्येक आठवडे हलले नाहीत.

का, ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. दाताचं सर्वात बाहेरचं आवरण म्हणजे एनॅमल. वजनानं 96 टक्के खनिज, आपल्या शरीरातला सर्वात कठीण पदार्थ. त्यावर आम्ल पडलं की डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडतात. पातळ राळ त्यात शिरते, घट्ट होते आणि मुळं धरते. भिंतीला गिलावा धरावा म्हणून सिमेंटच्या पृष्ठभागाला टाचे मारतात, तसंच. रासायनिक जादू फारशी नाही, सगळी पकड त्या खड्ड्यांची.

1962 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या राफेल बोवेननं बिस-जीएमए या राळेचं पेटंट घेतलं आणि आजच्या काँपोझिटचा पाया घातला गेला. 1970 च्या दशकात तयार प्लॅस्टिकची व्हिनियरं बाजारात आली. ती रंग बदलायची, झिजायची आणि निघायची, कारण दाताच्या बाजूची पकड मजबूत असली तरी व्हिनियरच्या बाजूची नव्हती. गोंदाला दोन्ही बाजू धराव्या लागतात. पोर्सेलीनची बाजू सोडवायची दिशा 1975 मध्ये फ्रान्सच्या आलँ रोशेतनं दाखवली आणि 1983 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जॉन कॅलामिया, त्यांच्याबरोबर रिचर्ड सायमनसन, आणि स्वतंत्रपणे हॅरल्ड हॉर्न यांनी ती पक्की केली. पोर्सेलीनच्या आतल्या बाजूलाही आम्ल लावायचं. पण पोर्सेलीन फॉस्फोरिकला दाद देत नाही, त्याला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. हे महाभयंकर प्रकरण आहे, काच खाणारं. म्हणून ते काम तोंडात नाही, बाहेर करतात.

म्हणजे पिंकसच्या तात्पुरत्या पाकळीला कायमचं व्हायला निम्मं शतक लागलं. आता इथे गंमत बघा. त्या सुरुवातीच्या काळात दात अगदी थोडा घासायचे, कधी अजिबात नाही. सगळा गर्व त्याचाच होता. तोवर दात सुंदर करायचा मार्ग म्हणजे कॅप, आणि कॅपसाठी दात चहूबाजूंनी कोरावा लागतो. एडलहॉफ आणि सोरेन्सन यांनी 2002 साली हे वजन करून मोजलं. व्हिनियरसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागातला 3 ते 30 टक्के जातो, पूर्ण कॅपसाठी 63 ते 72 टक्के. व्हिनियर जन्माला आलं ते दात वाचवायला.

मग त्याचं नाव बदनाम का झालं? माझं मत सांगतो. गोंद इतका चांगला निघाला की लोक गोंदाची अट विसरले. अट ही की पकड एनॅमलवर आहे. पुढच्या वरच्या दातावर हे आवरण टोकाकडे मिलिमीटरभर किंवा जास्त असतं, पण हिरडीजवळ जेमतेम 0.3 ते 0.5 मिलिमीटर. यंत्राचा हात जरा जड पडला की खालचं डेंटिन उघडं. डेंटिन मऊ, ओलं, असंख्य सूक्ष्म नळ्यांनी भरलेलं. त्यालाही चिकटवता येतं. टोक्योच्या नोबुओ नाकाबायाशींनी 1982 मध्ये ती पकड कशी बसते ते दाखवलं. पण पाण्यानं ती वर्षानुवर्षं सैल होत जाते. शिवाय एनॅमल गेलेला दात चावताना जास्त लवतो, आणि वरचं पोर्सेलीन लवत नाही, तडकतं. उघड्या नळ्यांमुळे गार पाण्याची सणक येते ती वेगळीच.

आणि एनॅमल पुन्हा उगवत नाही. ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत संपलेल्या असतात. हाड जुळतं, कातडी भरून येते, एनॅमल मात्र एकदाच मिळतं. आमच्या धंद्यात चुकीचा कोड मागे घेता येतो. इथे ती सोय नाही.

2002 च्या डिसेंबरात अमेरिकेत ‘एक्स्ट्रीम मेकओव्हर’ नावाचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला आणि एका झटक्यात नवं हसू ही घराघरातली कल्पना झाली. वेडेवाकडे दात तारा लावून वर्षभरात सरळ करण्याऐवजी, पुढे आलेला भाग घासून वर व्हिनियर बसवून दोन आठवड्यांत ‘सरळ’ करायची पद्धत बोकाळली. अलीकडे ब्रिटनमधली तरुण मुलं स्वस्तात दात करून घ्यायला तुर्कस्तानला जातात, त्याला तिथे ‘टर्की टीथ’ असं नावच पडलंय. जाताना त्यांना व्हिनियर हवं असतं आणि बऱ्याचदा मिळते पूर्ण कॅप. निरोगी दात खुंट्यांसारखे कोरलेले फोटो तुम्ही पाहिले असतील. ब्रिटिश डेंटल असोसिएशननं यावर वारंवार इशारे दिले आहेत.

योगायोग असा की एनॅमल कसं वाचवायचं हे जगाला शिकवणाऱ्यांत एक मोठं नाव इस्तंबूलचंच आहे, गालिप गुरेल. त्यांची पद्धत ऐकायला साधी आहे. आधी दातावर तात्पुरत्या राळेनं अंतिम आकार उभा करायचा, रुग्णाला आरशात दाखवायचा, आणि मग त्या आकारातून मोजून घासायचं. जिथे दात मुळातच आत आहे तिथे यंत्र फक्त राळ कापतं, दाताला शिवतही नाही. गुरेल आणि सहकाऱ्यांनी 66 रुग्णांची 580 व्हिनियरं बारा वर्षांच्या काळात तपासली. डेंटिनवर चिकटवलेली व्हिनियरं एनॅमलवरच्यांपेक्षा साधारण दहा पट जास्त निकामी झाली होती. दहा पट! पोर्सेलीन तेच, डॉक्टर तेच.

माझ्या मामेबहिणीचं लग्न ठरलं तेव्हा हेच वाचन कामी आलं. वय 26, सगळे दात धडधाकट, दोन दात किंचित फिरलेले, एकाचा कोपरा लहानपणी झोपाळ्यावरून पडून उडालेला. एका क्लिनिकनं आठ व्हिनियरांचं कोटेशन दिलं होतं. मी तिला एकच प्रश्न लिहून दिला: ‘प्रत्येक दाताचं किती एनॅमल जाणार आणि किती उरणार?’ तिथे उत्तर मिळालं, ‘त्याची काळजी करू नका.’ दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, साचे घेतले आणि म्हणाले, ‘अगं, फिरलेले दात सरळ करायला मला निम्मं एनॅमल काढावं लागेल. तारा लाव, शेवटी ब्लीच करू, कोपऱ्याला काँपोझिट लावू.’ साखरपुड्याच्या फोटोत तिच्या तारा दिसतात. तिला त्याचं काही नाही, मामीला मात्र अजून आहे.

पण व्हिनियर वाईट असंही नाही हं. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं मुलांचे दात तपकिरी, ठिपकेदार होतात. लहानपणी टेट्रासायक्लिन दिल्यानं दात आतून करडे झालेली माणसं आहेत. हे डाग बरेचदा ब्लीचनं पुरते जात नाहीत. तोंडावर हात ठेवून हसणाऱ्या माणसाला नीट केलेलं व्हिनियर खूप काही देऊन जातं. ऑस्ट्रेलियातल्या लेटन आणि वॉल्टन यांच्या नोंदींत, बहुतांश एनॅमल राखून बसवलेल्या पोर्सेलीन व्हिनियरांपैकी दहा वर्षांनी 96 टक्के आणि वीस वर्षांनी 91 टक्के शाबूत असल्याचा अंदाज निघाला. हे कसलेल्या हातांचे आकडे आहेत, कोपऱ्यावरच्या ऑफरचे नाहीत. आणि 25 व्या वर्षी बसवलं तर आयुष्यात निदान एकदोनदा बदलावं लागेल, हे गृहीत धरा. काँपोझिटचं त्याहून लवकर. ते स्वस्त, दुरुस्तीला सोपं, पण चहा आणि हळदीचा रंग धरतं.

आता काळजी. व्हिनियर किडत नाही, त्याच्या कडेचा दात किडतो. त्यामुळे हिरडीलगतची कड साफ ठेवणं हे मुख्य काम, मऊ ब्रश आणि फ्लॉस. मिश्री, कोळशाची पावडर, खरखरीत मंजन बंद. काँपोझिटची चकाकी त्यानं पार जाते. सुपारी पुढच्या दातांनी फोडायची नाही, ऊस सोलायचा नाही. झोपेत दात खात असाल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा आणि रात्री गार्ड घाला. हिरडीतून रक्त येत असेल तर आधी हिरड्या, मग बाकीचं. ब्लीच करायचं असेल तर तेही आधी, कारण व्हिनियरचा रंग नंतर उजळत नाही. आणि एक बारीकशी गोष्ट, जी फार कमी लोक सांगतात. क्लिनिकमध्ये फ्लोराइड जेल लावताना, माझ्या दातांवर पोर्सेलीन आहे, असं सांगायचं. आम्लयुक्त फ्लोराइड जेल तोंडात पोर्सेलीनवर तेच करतं जे लॅबमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल करतं, फक्त हळू. चमक जाते. त्याऐवजी न्यूट्रल जेल मिळतं.

रील्सवर व्हिनियरचा ‘कोर्स’ केलेली, घरी येऊन बसवून देणारी माणसं दिसू लागली आहेत. आपल्याकडे कायद्याप्रमाणे हे काम फक्त नोंदणीकृत डेंटिस्टचं आहे, आणि महाराष्ट्रात ती नोंदणी स्टेट डेंटल कौन्सिलकडे असते. क्रमांक विचारायला लाजू नका.

आणि कधी जेवताना व्हिनियर निघून हातात आलंच, तर घरातला सुपरग्लू लावू नका. त्यानं आतली बाजू खराब होते, वाकडं बसलं तर कडेला घाण साठते आणि दाताला इजा होते ती वेगळीच. स्वच्छ डबीत ठेवा आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. अख्खं निघालं असेल तर पुष्कळदा तेच परत बसतं.