पाचफुटी वाट आणि आपले वाडे

नोकरीमुळे माझी बरीच वर्षे सिंगापुरात गेली. तिथल्या जुन्या दुकानघरांची कहाणी आपल्या पेठांतल्या वाड्यांशी इतकी जुळते की, स्मरणिकेसाठी हाच विषय घेतला.

दुकानघर म्हणजे खाली पेढी, वर बिऱ्हाड. रुंदीला अरुंद, आत लांबलचक. शेजाऱ्याशी सामाईक भिंत, तिच्यावर टेकलेल्या लाकडी तुळया आणि मध्ये उजेड-वाऱ्यासाठी उघडा चौक. वाड्यात वाढलेल्याला यात परके काही वाटत नाही. पुढची ओसरी मात्र एकट्या मालकाची नसे. १८२२ मध्ये रॅफल्सने शहराची आखणी करताना प्रत्येक घरापुढे छपराखालची सलग वाट सर्वांसाठी खुली ठेवायला सांगितले. हीच ती ‘पाचफुटी वाट’. उन्हापावसात आजही तिचाच आसरा असतो.

१९४७ मध्ये सिंगापुरात भाडेनियंत्रणाचा कायदा आला. मुंबई प्रांताचा भाडेकायदाही त्याच वर्षीचा! परिणामही तोच. भाडी गोठली आणि मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतले. एकेका मजल्यावर फळ्यांच्या आडोशाने अनेक कुटुंबे राहत होती. पुढे नव्या बांधकामांसाठी कित्येक रांगा जमीनदोस्त झाल्या.

१९८० नंतर विचार बदलला. तांजोंग पगार भागातली ३२ दुकानघरे सरकारी यंत्रणेने नमुना म्हणून स्वतः दुरुस्त केली. १९८९ मध्ये चायनाटाउन, लिटल इंडिया, कंपोंग ग्लाम अशा वस्त्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले. नियमांचे सार असे : दर्शनी भाग, छप्पर, सामाईक भिंती, तुळया, चौक, जिना, खिडक्या शक्य तितक्या मूळच्याच राखा, जमेल ते दुरुस्त करा, अगदीच गेले असेल ते बदला. वापर मात्र परवानगीने बदलता येतो. म्हणून तिथे आज कचेऱ्या, खानावळी, छोटी हॉटेले आहेत. टप्प्याटप्प्याने सैल होत गेलेला भाडेकायदा २००१ मध्ये रद्द झाला आणि दुरुस्तीचा खर्च मालकांना परवडू लागला.

याची किंमतही मोजावी लागली. भाडी वाढली, जुने कारागीर आणि भाडेकरू पांगले. तुळया राहिल्या, बिऱ्हाडे गेली. रंगवलेल्या खिडक्या पाहताना हे विसरता येत नाही.

आपल्याकडेही धडा आहेच. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा भरली, पुढे नगरपालिकेचे कामकाज चालले. वापरात राहिली म्हणून ती वास्तू टिकली. आपल्यापैकी काहींच्या वाड्यांचे कागद सध्या भावंडांत फिरत आहेत. सही करण्यापूर्वी एकदा जाणकाराकडून तुळया तपासून घ्या. चौकाभोवती दवाखाना, अभ्यासिका, खानावळ काय बसेल, हे पाहा. आणि मागच्या खोलीतल्या जुन्या भाडेकरूचे काय, हेही त्याच बैठकीत ठरवा. नुसती दर्शनी भिंत राखली, तर वाडा राखला असे मला म्हणवत नाही.