कोल्ट वॉकर : अस्सल आणि बनावट
सॅम्युएल कोल्ट व कॅप्टन सॅम्युएल वॉकर यांच्या आराखड्यानुसार १८४७ मध्ये अमेरिकेतील कनेटिकट राज्यात व्हिटनीव्हिल येथे बनलेले सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर. सुमारे १,१०० नगच तयार झाल्याने किंमत अफाट, नकलाही भरपूर. लष्करी नगांवर ए ते ई यांपैकी सैन्य-तुकडीचे (कंपनीचे) अक्षर व क्रमांक असतो. तो मुख्य भागांवर जुळावा लागतो. इटालियन प्रतिकृतींवरील चाचणी-शिक्के घासून, आम्लाने गंज चढवून त्या जुन्या म्हणून खपवतात. घासलेली जागा किंचित खोलगट दिसते, जवळच्या अक्षरांच्या कडा बोथट होतात. गोळ्यांच्या फिरत्या नळकांड्यावरचे लढाईचे चित्र अस्सल नगांवर बहुधा झिजलेले असते. ते ठसठशीत दिसल्यास हरखण्याऐवजी भिंग काढावे. सांगाडा खरा, पण नळी मागाहून बसवलेली, असे नग ओळखणे सर्वांत अवघड.