मदतनीस कुनाची रं?

गेल्या साली १४ एप्रिलच्या आधी आमच्या वस्तीतल्या मंडळानं ठरवलं, जुन्या गिरणी कामगारांची यादी करून विहाराच्या भिंतीला लावायची. लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी इचलकरंजीकडच्या एका सूतगिरणीत कामाला. चार कविता लिहितो म्हणून माझं अक्षर चांगलं आहे असा लोकांचा समज. आजोबाच्या नावापुढं मी लिहिलं : रिंग खातं, मुंबई. आजीच्या नावापाशी पेन थांबलं. मग लिहून टाकलं : मदतनीस.

आजीला थोडं वाचता येतं. तिनं अक्षरावर बोट ठेवलं न म्हणाली, "मदतनीस कुनाची रं? तुझ्या आज्याची?"

दोस्तहो, ही बाई मुंबईच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात एकोणीस वर्षं उभी होती. १९६३ सालापासनं ते १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तोवर. आणि तिचा नातू, स्वतः वाइंडिंगमध्ये राबणारा, तिला मदतनीस म्हणतो. मनुवाद लांब शोधायला नको.

आता हे काम काय असतं ते सांगतो. रिंग साच्यावर सूत निघतं ते लहान लहान बॉबिनवर. एका मोठ्या कोनात तीस-पस्तीस बॉबिनांचं सूत जातं. म्हणजे तेवढे सांधे तर ठरलेलेच, वर मधेमधे तुटतं ते वेगळं. पुन्हा सूत जाडबारीक असेल, कच्चं असेल, तर ते डोळ्यानं न बोटानं ओळखायचं, काढायचं, जोडायचं. चाळीस नंबरच्या सुताचा एक पौंड म्हणजे ३३,६०० वार. एवढं लांबलचक सूत बाईच्या नजरेखालनं जायचं, न खात्यात रुईचे कण असे उडत असायचे की भुवया पांढऱ्या व्हायच्या.

आणि गाठ! गाठ मोठी बसली तर पुढं विणताना ती फणीत अडकते, ताण्याचं सूत तुटतं, साचा थांबतो. विणकराची मजुरी कापडावर, म्हणून साचा थांबला की त्याचा पैसा बुडाला. गाठ सैल बसली तर ताण पडल्याबरोबर सुटते. म्हणजे बारीक आणि पक्की, दोन्ही एकाच वेळी, न तीही बोटांच्या एका वळशात, कारण शेजारच्या चात्या थांबत नाहीत. आजी म्हणते, नव्या पोरीची बोटं महिना-महिना सुजायची, सूत कातडी चिरायचं. शिकवणारी कोण? शेजारची बाई. ना सर्टिफिकेट ना शाळा. तरी मालकाच्या हिशेबात कसबी कोण, तर साचेवाला. त्याच्या साच्याला सूत चालू ठेवणारी मात्र "बायकांचं काम" करणारी.

मजुरी वजनावर. जेवढं सूत गुंडाळलं तेवढा पैसा. रिंग खात्यातनं बॉबिन आले नाहीत तर बसून राहायचं, न त्या बसण्याचा पैसा नाही. जुन्या काळी खात्यावर नायकीण असायची, बायकांतली जॉबर. तिला दस्तुरी दिल्याबगर काम मिळायचं नाही. आपली बाई म्हणून ती गोड होती असं कुणी समजू नये.

दुसरं खातं रीलिंगचं. तिथं सुताच्या लड्या व्हायच्या. फाळक्याचा घेर ५४ इंच, म्हणजे दीड वार. ऐंशी फेऱ्यांची एक ली, १२० वार. सात लींची एक लडी, ८४० वार. ज्यांना सही येत नव्हती त्या बायका ह्या हिशेबात दिवस काढत होत्या. मी हे गणित पुस्तकातनं शिकलो न दोनदा चुकलो. ह्या लड्या हातमागवाल्यांकडं जायच्या, न एका काळी चीनला जायच्या. चीनची बाजारपेठ हातची गेली तसं रीलिंग आटलं, न बायकांची भाकरीही.

आता आपली गोष्ट. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खातं अस्पृश्यांना बंद होतं हे तुम्हाला ठाऊक असेल. धोट्यातनं सूत ओढायला तोंड लावावं लागायचं, म्हणून सवर्ण विणकर म्हणायचे, विटाळ होतो. पगार जास्त तिथं आपल्याला मज्जाव. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल पुढं ठेवला. पण एक बघा : रिंग खात्यात आपल्या माणसांनी कातलेलं सूत साचेवाला बिनबोभाट तोंडात धरत होता! विटाळ सुताला नव्हता, आपल्या पगारवाढीला होता. आजीच्या वेळेला कायदा झाला होता, तरी तिच्या खात्यात आमच्या बायकांचा डबा खायचा कोपरा वेगळाच. तिची बारीक गाठ मात्र कुणी वेगळी काढली नाही.

कायद्याची कथा वाकडी आहे. जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी बाळंतपणाच्या रजेचं बिल उचलून धरलं. आईला आधी न नंतर विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं, न जो मालक तिच्या श्रमाचा फायदा घेतो त्यानं भार सोसावा, असं त्यांचं म्हणणं. १९२९ ला मुंबईत कायदा झाला. मालकांनी काय केलं? बायका महाग पडतात म्हणून बायकाच कमी करायला घेतल्या. रात्रीचं काम बायकांना १९११ च्या कायद्यानंच बंद होतं, १९४८ च्या कायद्यानंही ते बंदच ठेवलं. गिरण्या दोन-तीन पाळ्यांत चालू लागल्या तशी रात्री वाइंडिंगवर पुरुष उभे राहिले. जे काम बायकांच्या नाजूक बोटांचंच म्हणून सांगत होते, ते रातोरात मर्दानी झालं. मग तेच पुरुष दिवसालाही. वेगानं चालणारी यंत्रं आली, तिथंही आधी पुरुष. १९२० च्या आसपास गिरणी कामगारांत पाचात एक तरी बाई होती. १९८२ च्या संपापर्यंत शंभरात थोड्याच उरल्या.

१९४४ मध्ये बाबासाहेब मजूर खात्याचे सभासद असताना खाणीतल्या बायकांबद्दल समान कामाला समान दाम हे तत्त्व केंद्रीय असेंब्लीत बोलून दाखवलं. १९७६ ला समान वेतनाचा कायदा आला. पण आजी विचारते ते खरं : अख्खं खातंच बायकांचं म्हणून हलकं ठरवलं, तर समान कुणाशी मोजायचं?

आमच्या गिरणीत आता ऑटोकोनर आहे. हवेच्या झोतानं दोन टोकांचे पीळ उकलतो न पुन्हा गुंफतो, गाठच नाही. तो बिघडला की बाहेरनं इंजिनियर येतो, त्याला चहा न खुर्ची. आजीला मी ह्या मशिनबद्दल सांगितलं. तिनं विचारलं, तुटलेलं टोक कोण शोधतं? म्हटलं, तेही मशिनच. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "मंग त्यानं माझंच काम घेतलं की. तुझ्या आज्याचं न्हाई."

आपल्या चळवळीतल्या बायकांचा इतिहास ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' म्हणून लिहिला, पायपीट करून, जिवंत बायकांना विचारून. ते पुस्तक आमच्या मंडळाच्या कपाटात आहे, मी तीन वर्षं त्याच्या पाठीला हात लावून दुसरी पुस्तकं काढत होतो. गिरणीच्या संपांत उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर अशा बायका पुढं उभ्या राहिल्या, त्यांची नावं तरी मिळतात. खात्यात हात चालवणारीचं नाव कुठं मिळणार? ते फक्त घरात मिळतं, आणि घरातल्या म्हाताऱ्या एकेक करून चालल्यात.

यादी फाडून मी नवी लिहिली. आजीच्या नावापुढं : वाइंडर, १९ वर्षं. आजीनं वाचलं न म्हणाली, तिच्या बाजूच्या रांगेतल्या बायांची नावं पण घाल. सात नावं तिला आठवली. दोघींची फक्त माहेरची, एकीचं फक्त गाव. आणखी चौघींचे चेहरे आठवतात म्हणते, नावं नाहीत. त्या चार जागा मी रिकाम्या ठेवल्यात. तुमच्यापैकी कुणाची आजी, पणजी वाइंडिंगला, रीलिंगला असेल तर ह्या रविवारी तिच्यापाशी बसा. खातं कुठलं, किती नंबरचं सूत, गाठ कुणी शिकवली, एवढं विचारा न लिहून पाठवा.