स्वेच्छाकार्य आणि संस्थानिष्ठा : डेक्कन एज्युकेशन सोसायटीतील आजीव सदस्यांचा अनुभव

प्रस्तावना :
नेमून दिलेल्या कामापलीकडे जाऊन, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता केलेल्या संस्थाहिताच्या कार्यास डेनिस ऑर्गन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात 'संघटनात्मक नागरिकत्व वर्तन' अशी संज्ञा दिली. १९९१ मध्ये जॉन मेयर व नताली ॲलन यांनी बांधिलकीचे भावनिक, सातत्यविषयक आणि कर्तव्याधिष्ठित असे तीन घटक मांडले. बांधिलकी वाढली की स्वेच्छाकार्य वाढते, असे सामान्यतः मानले जाते. मात्र हे नाते तितके सरळ नाही, हे पुण्याच्या या संस्थेच्या इतिहासावरून दिसते.

त्यागाचा करार :
न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये, सोसायटी १८८४ मध्ये व फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्ये सुरू झाले. आजीव सदस्य दरमहा ७५ रुपयांच्या अल्प वेतनावर २० वर्षे सेवेची प्रतिज्ञा करीत. अध्यापनाखेरीज निधीसंकलनासाठी केलेली भ्रमंती हे त्यांचे स्वेच्छाकार्यच होते. गोपाळ कृष्ण गोखले यांचा त्यात मोठा वाटा होता.

मतभेदाचे मूळ :
सदस्याने आपला सर्व वेळ संस्थेस द्यावा, असा लोकमान्य टिळकांचा आग्रह होता. वेतनवाढीसही त्यांचा विरोध होता. आगरकर व इतर सहकाऱ्यांना हे बंधन इतके कठोर असावे, हे मान्य नव्हते. १८९० मध्ये गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारल्यावर वाद विकोपास गेला. स्वतः टिळकही १८८७ पासून 'केसरी'चे संपादन करीत होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. अखेर १८९० मध्येच टिळकांनी राजीनामा दिला. प्रतिज्ञेचा सर्वांत कठोर अर्थ लावणारा सदस्य संस्थेबाहेर पडला आणि सार्वजनिक कार्यात गुंतलेले गोखले १९०२ पर्यंत अध्यापन करीत राहिले.

पुढील काळात धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण बोलके आहे. १८९१ मध्ये ते फर्ग्युसनमध्ये गणिताचे अध्यापक झाले. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि तरीही १९१४ पर्यंत महाविद्यालयाची सेवा केली.

समारोप :
टिळकांची निष्ठा तत्त्वावर होती, तर गोखले व कर्वे यांनी संस्थेवरील निष्ठा आणि समाजकार्य यांचा मेळ घातला. एकाच प्रतिज्ञेतून हे दोन्ही मार्ग निघाले. यावरून असे म्हणता येईल की, स्वेच्छाकार्य बांधिलकीतून उपजते. परंतु त्याची सक्ती होताच त्यातील स्वेच्छा लोपते आणि निष्ठावंतांमध्येच दुही निर्माण होते. शिक्षणसंस्थांनी अध्यापकांच्या अतिरिक्त कार्याचे मूल्यमापन करताना हा अनुभव ध्यानी घेणे उचित ठरेल.